५०६० टीआय घेतलंय, आता मॉनिटर १०८०पी, १४४०पी का ४के?

परभणीहून एका पोराचा प्रश्न आलाय, तो आधी थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांना पण कळंल. आरटीएक्स ५०६० टीआय १६ जीबी ग्राफिक्स कार्ड नवीन घेतलंय, खाली जुनंच रायझन ५ ५६०० (प्रोसेसर) आणि बी४५० मदरबोर्ड, मॉनिटर सहा वर्षं जुना २२ इंची १०८०पी, ७५ हर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला ७५ वेळा चित्र बदलणारा). रात्री दोस्तांसोबत व्हॅलोरंट, आणि एकटा असला की सायबरपंक नाहीतर रेड डेड रिडेम्प्शन २. टेबल पुढून मागं दोन फुटी. बजेट बावीस हजार. दुकानदार म्हणायलाय २८ इंची ४के ६० हर्ट्झ घे, चित्र एक नंबर दिसंल. दोस्त म्हणायलेत २७ इंची १०८०पी २४० हर्ट्झ घे, नाहीतर एफपीएस (गेमची सेकंदाला किती चित्रं बनतात तो आकडा) पडतील. "दादा, दोघंबी खात्रीनं सांगायलेत, मी कुणाचं ऐकू?"

भावा, दोघांचंबी नको ऐकू. २७ इंची, १४४०पी, आयपीएस पॅनल, १६५ नाहीतर १८० हर्ट्झ. तुझ्या बजेटात नीट बसतो. मी संभाजीनगरात बरीच वर्षं झाली पीसी बांधून देतो, आणि कार्डावर चाळीस-पन्नास हजार घालून मॉनिटर मात्र दुकानात जो पुढं ठेवला तो उचलून आणणारी पोरं दर महिन्याला बघतो. कार्ड तीन-चार वर्षात बदलतंच, मॉनिटर सात-आठ वर्षं टेबलावर राहतो, म्हणून कामून १४४०पी ते नीट समजून घे, म्हणजे उद्या कार्ड बदललं तरी तुझं तुला ठरवता येईल.

आधी हिशोब. १०८०पी म्हणजे १९२० गुणिले १०८०, एका चित्रात २०,७३,६०० पिक्सेल. १४४०पी म्हणजे २५६० गुणिले १४४०, ते झाले ३६,८६,४००. आणि ४के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, ८२,९४,४००. आता तू परभणीचा, मोटर आणि पाणी तुला सांगायची गरज नाही. कार्ड म्हणजे विहिरीवरची मोटर. १०८०पी एक एकर धर, तर १४४०पी पावणेदोन एकराच्या किंचित वर जातं आणि ४के बरोब्बर चार एकर. मोटर तीच, पाणी तेवढंच, अन् भिजवायचं रान चौपट. आणि हे रान एकदा नाही, सेकंदाला साठ वेळा, शंभर वेळा भिजवायचंय. एफपीएस अगदी चौथ्या हिश्श्यावर येत नाहीत, कारण गेमचं काही काम पिक्सेलवर अवलंबून नसतं, पण पडतात ते बक्कळ पडतात.

५०६० टीआय १६ जीबी ही मोटर पावणेदोन एकरासाठी चांगली आहे. सायबरपंक रे ट्रेसिंग (प्रकाश-सावलीचा जड इफेक्ट) बंद ठेवून वरच्या सेटिंगवर १४४०पीला साठ-सत्तरच्या घरात चालतो, डीएलएसएस (कमी पिक्सेलवरून मोठं चित्र बनवायची एनव्हिडियाची सोय) लावलं की अजून वर. तोच गेम त्याच सेटिंगवर ४केला तिशीच्या आसपास येतो. मग काय करणार, सेटिंग खाली आणणार, नाहीतर गेममधी जाऊन रिझोल्यूशन १०८०पी करणार. आणि ४के घेतलेल्या पोरांचं खरं दुखणं इथंच सुरू होतं.

जालन्याच्या एका गिऱ्हाईकाचं असंच झालं होतं. कार्ड त्याचं तुझ्यापेक्षा हलकं, मॉनिटर ४के, तोबी ६० हर्ट्झचा. गेम ओढंना म्हणून त्यानं रिझोल्यूशन १०८०पी केलं आणि मला फोन, दादा चित्र पाण्यातून बघितल्यावानी दिसायलंय. एलसीडी असो का ओएलईडी, स्क्रीनचे ठिपके पक्के असतात, कमी पिक्सेलचं चित्र दिलं की ते ताणून बसवावं लागतं. ४केवर १०८०पी तसं बरोबर दोन-दोन ठिपक्यांत बसतं, पण बहुतेक मॉनिटर ते सरळ न बसवता कडा मऊ करून टाकतात. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमधी इंटिजर स्केलिंग म्हणून सेटिंग आहे, ती लावली की मऊपणा जातो, पण मग पायऱ्या-पायऱ्या दिसतात. १४४०पी मॉनिटरवर १०८०पी दिलं तर आणखीन बेकार, कारण एक पूर्णांक एक तृतीयांश पट होतं, ठिपका ठिपक्यावर बसतच नाही. म्हणून माझा नियम आहे, मॉनिटर असा घ्यायचा की जो त्याच्या स्वतःच्या रिझोल्यूशनवर चालवता येईल, आणि ओझं कमी करायचं असंल तर डीएलएसएसनं करायचं.

डीएलएसएसचं नीट समजून घे कारण तुझ्या निवडीत त्याचा मोठा हात आहे. क्वालिटी मोडला कार्ड प्रत्येक बाजूनं दोन तृतीयांश पिक्सेल काढतं आणि बाकीचं आधीच्या फ्रेमांच्या माहितीवरून भरून काढतं. १४४०पीला क्वालिटी लावलं की आतून गेम १७०७ गुणिले ९६० च्या आसपास चालतो, म्हणजे साडेसोळा लाखाच्या आत पिक्सेल. वर बघ, १०८०पीचे वीस लाखाच्या वर होते. म्हणजे १४४०पीच्या स्क्रीनवर डीएलएसएस क्वालिटीनं खेळताना कार्ड साध्या १०८०पीपेक्षा कमी पिक्सेल काढायलंय (डीएलएसएसचं स्वतःचं थोडं काम वर धर), आणि अक्षरं, नकाशा, मेनू हे सगळं पूर्ण १४४०पीमधी एकदम चोख राहतं. हेच १०८०पी मॉनिटरवर क्वालिटी लावलं तर आतून ७२०पी चालतं, एवढ्या कमी माहितीवर लांबची झाडं, तारा, केस हे सगळं लिबलिबीत होतं. १०८०पीमधी डीएलएसएसनं चित्र गेलं म्हणणारी पोरं खोटं बोलत नाहीत, फक्त दोष डीएलएसएसचा कमी आणि स्क्रीनचा जास्त आहे. फ्रेम जनरेशनचं मात्र वेगळं आहे, ते मधल्या फ्रेमा घालून आकडा वाढवतं, हाताला जाणवणारा उशीर कमी करत नाही, म्हणून आधी खरे पन्नास-साठ एफपीएस येत असले तरच लाव.

आता दोस्तांचं २४० हर्ट्झचं. व्हॅलोरंट हा कार्डाचा गेम नाही, प्रोसेसरचा गेम आहे. तुझं कार्ड त्यात निम्म्यानंबी जागं होत नाही. १०८०पी असो का १४४०पी, एफपीएस ठरवणार तुझं ५६००, आणि ते आरामात दोनशेच्या वर देतं. रिझोल्यूशन वाढवलं की ओझं कार्डावर जातं, प्रोसेसरवर नाही, म्हणून १४४०पी घेतल्यानं तुझे व्हॅलोरंटचे एफपीएस पडायची भीती काढून टाक.

हर्ट्झचा हिशोब मिलिसेकंदात करायचा, आकडा बघून भुलायचं नाही. ७५ हर्ट्झला एक चित्र स्क्रीनवर १३.३ मिलिसेकंद राहतं. १८० ला ५.६. २४० ला ४.२. म्हणजे तू ७५ वरून १८० ला गेलास की पावणेआठ मिलिसेकंद वाचले, हे डोळे झाकून कळतं, माऊस हलवला की पहिल्याच मिनिटाला कळतं. १८० वरून २४० ला गेलास तर वाचले १.४. ज्याला स्पर्धेत उतरायचंय, रोज सहा तास एकच शूटर खेळायचाय त्यानं ते जरूर घ्यावं, त्याच्यासाठी ते खरं आहे, आणि त्यानं २४ इंची १०८०पी घ्यावा. पण तू अर्धा वेळ सायबरपंक खेळतोस. त्या दीड मिलिसेकंदासाठी २७ इंचावर १०८०पीचं चित्र सात वर्षं बघायचं हे मला पटत नाही.

आणि २७ इंचावर १०८०पी घ्यायचाच नाही, हे माझं एकदम पक्कं मत आहे. एका इंचात किती पिक्सेल बसतात ते बघ. २४ इंची १०८०पीला ९२. २७ इंची १०८०पीला ८२ च्या आत. २७ इंची १४४०पीला १०९. ३२ इंची १४४०पी परत ९२ वर येतो, म्हणजे २४ इंची १०८०पी इतकाच दाट, नुसता मोठा. ३२ इंची ४के १३८, २७ इंची ४के १६३. आता चांगल्या नजरेच्या माणसाला ठिपका वेगळा दिसायचा बंद व्हायला १०९ च्या स्क्रीनपासून साधारण ८० सेंटीमीटर लांब बसावं लागतं, ९२ ला ९५ सेंटीमीटर, आणि ८२ ला मीटरच्याबी वर. तुझं टेबल दोन फुटाचं, म्हणजे स्टँडची जागा सोडून डोळा ते स्क्रीन ६०-७० सेंटीमीटर. २७ इंची १०८०पीवर तुला दुकानात जे चांगलं दिसलं ते उभं राहून लांबून बघितल्यामुळं. घरी खुर्चीत बसलास की अक्षरांच्या कडा, दूरचा शत्रू, कुंपणाच्या तारा, सगळं तुटकं दिसणार. एक काम कर, घेण्याआधी घरी वर्तमानपत्राचं पान २७ इंचाच्या मापात कापून भिंतीला चिकटव, साधारण ६० सेंटीमीटर रुंद आणि ३४ सेंटीमीटर उंच, अन् रोजच्या जागेवर बसून बघ. मान हलवल्याशिवाय चारी कोपरे दिसायले का ते कळतं. मी स्वतः दोन फुटी टेबलावर ३२ इंची वापरून बघितलाय, आठ महिन्यात मान धरली, नकाशा बघायला दरवेळी मुंडी वळवावी लागायची, शेवटी तो भाच्याला दिला. त्याच्याकडं टेबल तीन फुटी आहे, तिथं तो झकास दिसतो.

मेमरीचं बोलायला पाहिजे, कारण हेच कार्ड ८ जीबीमधीबी येतं आणि लई जणांनी ते घेतलंय. तुझं १६ चं आहे, तुला चिंता नाही. ८ जीबीवाल्यांनी १४४०पी घेऊच नये असं नाही, पण नवीन गेममधी टेक्स्चर (वस्तूंवर चढवलेली चित्रं) एक पायरी खाली ठेवायचे, नाहीतर मेमरी भरली की गेम मधीच झटके खातो, सरासरी एफपीएस चांगले दिसतात आणि हाताला मात्र गेम अडकतो. तुझ्या बोर्डाचंबी इथंच सांगतो. ५०६० टीआयला पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे कार्ड अन् बोर्ड यांच्यामधल्या रस्त्याच्या, आठच लेन आहेत, आणि बी४५० ला तिसरी पिढी मिळते, म्हणजे रस्ता अरुंद. १६ जीबीवाल्याला त्याचा फरक किरकोळ, कारण सामान सगळं कार्डाच्या कोठ्यातच बसतं. ८ जीबीवाल्याचा कोठा भरला की तेच सामान त्या अरुंद रस्त्यानं ये-जा करतं आणि मग झटके जास्त बसतात. ५६००जी वाल्यांनी ध्यानात ठेवा, तुमच्या प्रोसेसरला बी५५० बोर्डावरबी तिसरीच पिढी मिळते.

दुसरी कार्डं असणाऱ्यांसाठी पटकन सांगून टाकतो. आरटीएक्स ४०६०, ५०६०, आरएक्स ७६०० असली ८ जीबी कार्डं असतील तर २४ इंची १०८०पी १४४-१८० हर्ट्झवर लई सुखानं राहाल, १४४०पी घ्यायचाच असंल तर सेटिंगमधी हात घालायची तयारी ठेवा. आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी म्हणजे तुझ्यासारखंच, १४४०पी. ५०७० आणि ९०७० पण १४४०पीच, फक्त जास्त एफपीएसनं. ४केचा विचार ५०७० टीआय, ९०७० एक्सटी इथून पुढं सुरू होतो, तोबी डीएलएसएससारखं अपस्केलिंग धरून.

पॅनलचं. आयपीएस घे. व्हीए म्हणून पॅनलचा दुसरा प्रकार आहे, त्याचा काळा रंग खरंच चांगला काळा असतो, आयपीएसचा कॉन्ट्रास्ट साधारण हजाराला एक तर व्हीएचा तीन हजाराच्या आसपास, पण स्वस्तातल्या व्हीएमधी अंधाऱ्या जागेत काही पळालं की मागं काळा फराटा ओढल्यासारखं दिसतं, आणि रेड डेडमधी रात्रीचं घोड्यावर फिरणं किती असतं तुला माहितीच आहे. ओएलईडी सगळ्यात भारी, पण तुझ्या बजेटात नाही. खोक्यावरच्या एचडीआर ४०० (उजेड-अंधार जास्त ठळक दाखवायचा दावा) आणि १ एमएस (ठिपका बदलायच्या वेगाचा दावा) ह्या दोन गोष्टींना मार्क देऊ नको. एचडीआर ४०० ला मागचा लाइट भागाभागानं मंद करायची अट नाही त्यामुळं खरा एचडीआर दिसत नाही, अन् १ एमएस हा बऱ्याचदा लाइट लुकलुकवून काढलेला आकडा असतो. त्याऐवजी स्टँड वर-खाली होतो का ते बघ, मानेला ते रोज लागतं.

घ्यायला जाशील तर मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत लिहून घेऊन जा. एकाच नावाच्या, एकाच तोंडवळ्याच्या दोन मॉनिटरमधी एक १०८०पी अन् एक १४४०पी असतो, फरक नुसता नंबराच्या शेपटीत. "४के सपोर्ट" लिहिलेलं दिसलं तर विचारायचं की पॅनल किती पिक्सेलचं आहे, कारण ४केचं चित्र आत घेऊन १०८०पीवर दाखवणाऱ्यालाबी सपोर्टच म्हणतात. परभणी-नांदेडची पोरं बरीच रेल्वेनं सिकंदराबादला जातात, तिथल्या सीटीसी ह्या कॉम्प्युटर बाजारात फिरून घेऊन येतात, तिथं चार दुकानांत भाव बघता येतो हे खरं, पण मॉनिटर बिघडला तर परत कोण नेणार ते आधी ठरव. कंपनीचं सर्व्हिस सेंटर आपल्याकडं नांदेड-संभाजीनगरात आहे का, का ते घरी येऊन बदलून देतात, हे विचारून घे, पाचशे-हजार वाचवण्यापेक्षा ते मोठं आहे. दुकानातच चालू करून पूर्ण काळी, पांढरी, लाल, हिरवी, निळी स्क्रीन दाखवायला सांग, मेलेला पिक्सेल असंल तर तिथंच दिसतो. आणताना खोकं उभंच ठेव, आडवं ठेवून वर बॅग टाकली की पॅनलवर दाब येतो.

वीज आणि उन्हाळा, हे आपल्याकडं विसरून चालत नाही. तुझं कार्ड जोरात १८० वॅट घेतं, ५६०० सत्तर-पंच्याहत्तर, मॉनिटर तीस-चाळीस, बोर्ड, पंखे, पॉवर सप्लायमधी जाणारं धरून गेम चालू असताना साडेतीनशेच्या आसपास जातं. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचाच असतो, तो लाइट गेली की किंचाळून बंद पडणार. हजार-अकराशे व्हीएचा घे, आणि मॉनिटर त्याच यूपीएसवर लाव, मशीन चालू आणि स्क्रीन काळी असं झालं तर सेव्ह करायलाबी जमत नाही. घरच्या इन्व्हर्टरवर चालवत असशील तर त्याच्यावर यूपीएस मोडचं बटन असतं ते लाव, नाहीतर लाइट जायच्या क्षणी मशीन रिस्टार्ट मारतं. आणि एप्रिल-मेमधी पारा बेचाळीस-त्रेचाळीसला गेला की पत्र्याच्या खोलीत कार्डाचे पंखे विमानावानी ओरडतात, त्यावर इलाज म्हणजे एफपीएसला टोपी घालायची. सायबरपंकला ८०, व्हॅलोरंटला १७०, त्याच्यावर कार्डाला पळू द्यायचंच नाही. वीजबी वाचते, खोलीबी कमी तापते.

घरी आणल्यावर पहिल्याच संध्याकाळी एवढं कर. डिस्प्ले पोर्टची केबल लाव, एचडीएमआय नको, कारण या भावातल्या लई मॉनिटरांचं एचडीएमआय १४४ वरच थांबतं आणि १८० फक्त डिस्प्ले पोर्टवर मिळतं. केबलचं दुसरं टोक कार्डात, बोर्डात नाही. आणि मग विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमधी ॲडव्हान्स्ड डिस्प्लेत जाऊन रिफ्रेश रेट स्वतः १८० निवड, तो आपोआप होईलच असं नाही. बीडचा एक जण वर्षभर १६५ चा मॉनिटर ६० वर चालवत होता, माझ्याकडं कार्ड दुरुस्तीला घेऊन आला, कार्डात काहीच नव्हतं, त्या एका सेटिंगनं त्याचा प्रश्न सुटला. मॉनिटरच्या मेनूत ॲडॅप्टिव्ह सिंक चालू कर, मग एनव्हिडियाच्या ॲपमधी जी-सिंक चालू कर. २०१९ पासून एनव्हिडियाची कार्डं साध्या ॲडॅप्टिव्ह सिंकच्या मॉनिटरवरबी हे करतात, त्यासाठी महाग जी-सिंकचा मॉनिटर लागत नाही. हे लागलं की सायबरपंकमधी एफपीएस सत्तर होऊ दे का पंचावन्न, स्क्रीन कार्डाच्या चालीनं चालते, चित्र फाटत नाही. मॉनिटरच्या मेनूतलं ओव्हरड्राइव्ह (ठिपके लवकर बदलायला लावणारी सेटिंग) मधल्या पायरीवर ठेव, सगळ्यात वरच्या पायरीवर पळणाऱ्या गोष्टींमागं उलटी पांढरी सावली येते.

जुना २२ इंची विकू नको, हजार-दीड हजारावर कुणी देणार नाही. बाजूला लावून त्याच्यावर दोस्तांचा व्हॉइस चॅट आणि कार्डाचं तापमान उघडं ठेव. मॉडेल फायनल झालं की घेण्याआधी नंबर मला कळव, बघून सांगतो.